‘ओझूर्द्वी’ म्हणजे आज: एका फ्रेंच शब्दाची फोड आणि उच्चार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्रेंचच्या पहिल्याच आठवड्यात हा शब्द गाठतो. वर्गात शिरलं की फळ्यावर तारीख असते, आणि तारखेच्या आधी हा असतोच: ‘आज’. स्पेलिंग असं: ए-यू-जे-ओ-यू-आर-डी, मग अपॉस्ट्रॉफी, मग एच-यू-आय. पुण्यात फ्रेंच शिकवताना मला सगळ्यांत जास्त प्रश्न आलेत ते या एका शब्दावर, आणि प्रत्येक बॅचमध्ये ते जवळजवळ त्याच क्रमाने येतात. ते इथे एकत्र केले आहेत. या पानावर मी तो ‘ओझूर्द्वी’ असा लिहिते. मराठी पद्धतीने तसाच्या तसा वाचला तर तो कुठे चुकतो, ते पुढे येईलच.

या शब्दात सिलॅबल किती?

तीन. ओ, झूर्, द्वी.

सिलॅबल म्हणजे एका झटक्यात तोंडातून निघणारा उच्चाराचा तुकडा. भाषाशास्त्रात त्यालाही ‘अक्षर’च म्हणतात, पण लिपीतल्या अक्षराशी गल्लत होते, म्हणून मी इथे सिलॅबल हाच शब्द ठेवते. मोजायचं उत्तम साधन म्हणजे टाळी. शब्द म्हणत जा आणि प्रत्येक स्वराला एक टाळी द्या. चार टाळ्या पडल्या तर शेवटचा तुकडा तुम्ही दोन भागांत म्हणताय, आणि ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी खाली एक वेगळा प्रश्नच आहे.

लिहिताना ‘र्द्वी’ एकत्र दिसतं. मग ‘र’ मागे आणि ‘द’ पुढे, असं का तोडायचं?

कारण डोळ्याला एक दिसतं आणि कानाला दुसरंच ऐकू येतं. हे आपल्याला नवीन नाही. ‘सूर्य’ लिहिताना रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण म्हणताना आपण ‘सूर्-य’ असंच म्हणतो. ‘कर्म’ हे ‘कर्-म’ होतं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू मानायचं, हा वृत्तांचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. त्याचं कारण हेच: जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या स्वराला जाऊन चिकटतं आणि तो तुकडा जड होतो.

‘ओझूर्द्वी’त नेमकं तेच घडतं. ‘र्’ मागच्या ‘झू’ला टेकतो आणि ‘द्’ पुढचा तुकडा सुरू करतो. ‘पार्दों’ (माफ करा) हा शब्दही तसाच फुटतो: पार्, दों.

पण या तुलनेवर विसंबून सगळीकडे मराठी पद्धत लावू नका. जोडाक्षरात दुसरं व्यंजन ‘र’ किंवा ‘ल’ असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व यांच्यापैकी असेल, तर फ्रेंच ती जोडी सहसा फोडत नाही. ती अख्खीच पुढच्या तुकड्यात जाते. आपण ‘पत्र’ला ‘पत्-र’ म्हणतो. फ्रेंच माणूस ‘पात्री’ (मायदेश) म्हणताना ‘पा’ मोकळा सोडतो आणि मग ‘त्री’ म्हणतो. ‘ताब्लो’ (चित्र, फळा) हे ‘ता-ब्लो’ आहे, ‘ताब्-लो’ नाही. माझ्या वर्गात ‘ताब्-लो’ दर वर्षी ऐकू येतं. चूक एवढीशी आहे, पण अशा दहा-बारा चुका एका वाक्यात जमल्या की बोलणं मराठी हेलाचं का वाटतं, याचं उत्तर मिळतं. फ्रेंचला मोकळे, स्वरावर संपणारे तुकडे आवडतात. तुकडा व्यंजनाने बंद करायची वेळ ती शक्यतो टाळते.

अपॉस्ट्रॉफी मध्ये आहे. म्हणजे तिथेच शब्द तुटतो ना?

नाही. तोडायचंच असेल तर अपॉस्ट्रॉफीच्या आधी येणाऱ्या ‘डी’च्याही आधी तोडा. छपाईतसुद्धा हाच नियम आहे: ओळ संपली म्हणून शब्द फोडायची वेळ आली, तर ‘ए-यू’नंतर फोडता येतो किंवा ‘आर’नंतर; अपॉस्ट्रॉफीनंतर कधीच नाही. ‘डी’ पुढच्या ओळीवर ‘हुई’च्या सोबतच जातो. इथे कान आणि छापखाना यांचं एकमत आहे.

प्रत्येक वेळी ते असतंच असं नाही. ‘पॉम’ (सफरचंद) या शब्दात दोन ‘एम’ आहेत, म्हणून लिखाणाच्या नियमाने त्याची फोड दोन ‘एम’च्या मधून होते, पण बोलताना तो शब्द एकच सिलॅबल आहे, फुटण्यासारखं त्यात काही नाहीच. ‘ताक्सी’चं उलटं: कानाला तो ‘ताक्-सी’ असा सरळ दोन तुकड्यांत ऐकू येतो, पण लिहिताना दोन स्वरांमधल्या ‘एक्स’पाशी शब्द फोडायची परवानगीच नाही. म्हणून शब्दकोशात किंवा पुस्तकात दिसलेली ओळीअखेरची फोड उच्चारासाठी प्रमाण मानू नका.

अपॉस्ट्रॉफी मुळात आलीच कुठून?

या शब्दात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा मूळचा एक शब्द नाही. ते एक छोटं वाक्खंड होतं. ‘ओ’ म्हणजे ‘-ला’ किंवा ‘-च्या वेळी’, ‘झूर’ म्हणजे दिवस, ‘द’ म्हणजे ‘-चा’, आणि ‘हुई’ (उच्चारात ‘वी’सारखं) म्हणजे आज. एकूण अर्थ: ‘आजच्या दिवशी’. जुन्या फ्रेंचमध्ये नुसतं ‘हुई’ म्हटलं तरी ‘आज’ असा अर्थ पुरेसा होता. तो आला लॅटिनच्या ‘होदिए’वरून, आणि ‘होदिए’ म्हणजे ‘होक दिए’, ‘या दिवशी’. झिजत झिजत त्याचा इतकुसा एक तुकडा उरला. इतका छोटा शब्द बोलण्यात ऐकू यायलाही अवघड, म्हणून लोक त्याला आधार द्यायला ‘आजच्या दिवशी’ असं म्हणू लागले. पुढे तो आधारच शब्द झाला, आणि एकटा ‘हुई’ जुन्या कायदेशीर भाषेपुरता मागे राहिला.

‘द’ मधला स्वर पुढे स्वर आल्यामुळे गळाला. त्या गळालेल्या स्वराची खूण म्हणजे ही अपॉस्ट्रॉफी. एरवी फ्रेंचमध्ये ती दोन शब्दांच्या सांध्यावर असते. एकाच शब्दाच्या पोटात तिला बघायचं तर ‘केल्कं’ (कुणीतरी), ‘प्रेस्कील’ (द्वीपकल्प) आणि हा, असे मोजकेच शब्द सापडतील.

आता आपल्याकडे बघा. ‘आज’ आला प्राकृत ‘अज्ज’वरून, तो संस्कृत ‘अद्य’वरून, आणि ‘अद्य’ म्हणजेही ‘या दिवशी’. त्यातला ‘द्य’ हा ‘द्यु’चा, दिवसाचा. लॅटिन ‘दिएस’ आणि संस्कृत ‘द्यु’ एकाच मुळातून निघाले आहेत, आणि आपला ‘दिवस’ही त्याच घरचा. फ्रेंच ‘झूर’ लॅटिन ‘दिउर्नुम’वरून आला, तोही ‘दिएस’चाच वंशज. म्हणजे फ्रेंच माणूस ‘ओझूर्द्वी’ म्हणतो तेव्हा एकाच शब्दात दोनदा ‘दिवस’ म्हणतो. आणि आपण ‘आजच्या दिवशी’ म्हणतो तेव्हा अगदी तेच करतो, त्याच जुन्या मुळापासून, त्याच कारणासाठी.

गोव्यातल्या वाचकांना आणखी एक दुवा ओळखीचा वाटेल. पोर्तुगीज भाषेत ‘आज’ला ‘ओझ’ म्हणतात. तोही ‘होदिए’चाच मुलगा, आणि त्यातला ‘झ’ फ्रेंच ‘झूर’मधलाच. कोकणीतला ‘आयज’ मात्र ‘अद्य’च्या बाजूचा. ज्या घरात आजी पोर्तुगीज शाळेत शिकली होती, तिथे हे दोन्ही शब्द एकाच स्वयंपाकघरात ऐकू आले असतील.

‘ओ झूर दोझूर्द्वी’ असंही ऐकलंय. ते बरोबर का?

‘आजच्या आजच्या दिवसाला’ असा त्याचा अर्थ होतो, दिवस तीनदा. बोलण्यात सर्रास आहे, पण भाषा जपून वापरणारे लोक ते टाळतात. परीक्षेत लिहू नका.

स्पेलिंगमध्ये ‘यू’ तीनदा आहे. तिन्ही वेळा उच्चार वेगळा का?

कारण तिन्ही वेळा त्याची सोबत वेगळी आहे. पहिला ‘ए’सोबत आला, दोघं मिळून ‘ओ’ झाले. दुसरा ‘ओ’सोबत आला, दोघं मिळून ‘ऊ’ झाले. तिसरा ‘आय’च्या आधी आला आणि पूर्ण स्वर न राहता ‘ई’कडे घसरणारा अर्धस्वर झाला. फ्रेंच स्पेलिंग एकेक अक्षर वाचून कळत नाही. ते जोड्यांनी वाचावं लागतं. ‘वाझो’ (पक्षी) हा शब्द बघा: ओ-आय-एस-ई-ए-यू. सहा अक्षरं, आणि त्यांतलं एकही आपल्या नेहमीच्या आवाजाने बोलत नाही. ‘ओ-आय’ मिळून ‘वा’, मधला ‘एस’ दोन स्वरांत अडकल्यामुळे ‘झ’ (‘झाड’मधल्या ‘झ’सारखा, पण ‘ह’ची हवा न सोडता), आणि ‘ई-ए-यू’ मिळून ‘ओ’.

‘ओझूर्द्वी’त सहा स्वरचिन्हं आहेत पण ऐकू येणारे स्वर तीनच: ओ, ऊ, ई. म्हणून सिलॅबल तीन.

शेवटचा ‘द्वी’ जमत नाही. नेमकं करायचं काय?

इथेच सगळे अडतात, आणि इथेच वेळ घालवण्यासारखा आहे.

तो अर्धस्वर मराठीत नाही. आपल्याकडे ‘य’ आहे आणि ‘व’ आहे. ‘य’ म्हणताना जीभ पुढे वर जाते, ओठ मोकळे असतात. फ्रेंच अर्धस्वरात जीभ ‘य’च्याच जागी असते, पण ओठ शिट्टी वाजवतानासारखे गोल असतात. मी वर्गात त्याला ‘गोल ओठांचा य’ म्हणते.

खिशातला छोटा आरसा घ्या. आधी लांब ‘ई’ म्हणा आणि थांबू नका. जीभ अजिबात न हलवता ओठ गोल करा. आवाज बदलेल, ‘ई’ही नाही, ‘ऊ’ही नाही असा एक स्वर ऐकू येईल. फ्रेंचमध्ये एकटा ‘यू’ असतो तेव्हा तो हाच. पुष्कळ जणांची जीभ ओठांच्या मागोमाग आत जाते आणि साधा ‘ऊ’ निघतो. तसं झालं तर जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवून ठेवा. ते तिथे आहे तोवर ‘ऊ’ म्हणणं अवघड जातं.

तो स्वर जमला की त्यावरून झटकन ‘ई’वर घसरा. थांबायचं नाही, पायरी उतरताना एक पायरी नुसती स्पर्शून पुढे जावं तसं. आधी नुसतं घसरा, मग त्याला ‘द’ जोडा.

आता आरशात अख्खा शब्द म्हणा आणि फक्त ओठांकडे बघा. ‘ओ’ला ओठ गोल. फ्रेंच ‘झ’लाही ओठ पुढे येतात. ‘ऊ’ला गोल. मग ‘र्’ आणि ‘द्’. या दोघांना ओठांशी काही देणंघेणं नाही, म्हणून ओठ गोलच राहू शकतात. मग गोल ओठांचा ‘य’. आणि अगदी शेवटी ‘ई’, तेव्हा ओठ पहिल्यांदा फाकतात. अख्ख्या शब्दात ओठ एकदाच उघडतात, शेवटच्या क्षणी. मी विद्यार्थ्यांना स्पेलिंग विसरायला सांगते आणि एवढंच सांगते: ओठ गोल धरून निघा आणि शेवटी हसा. ज्यांना महिनाभर ‘द्वी’ जमला नव्हता, त्यांना यानंतर त्याच तासात जमलेला मी पाहिला आहे, कारण आधी ते मध्येच ‘द’वर ओठ सैल सोडत होते.

‘द्वीप’मधला ‘द्वी’ चालणार नाही का?

जवळचा आहे, पण दोन ठिकाणी घसरतो. आपला ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. इथे दातांचा संबंधच नाही. दुसरं म्हणजे फ्रेंचमध्ये ‘व’सारखा, जीभ मागे असलेला अर्धस्वर वेगळा आहे, आणि दोघांत गल्लत झाली तर अर्थ बदलतो. फ्रान्सच्या राजांचं नाव आपण ‘लुई’ लिहितो. ते ‘व’वालं ‘ल्वी’. ‘त्याला’ या अर्थाचा शब्द गोल ओठांच्या ‘य’चा. ‘आँफ्वी’ एका उच्चाराने ‘पुरलेला’ आणि दुसऱ्याने ‘पळून गेलेला’. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहावे लागतात. फरक कानानेच शिकायचा.

‘ओझूर्द्वी’त मात्र ‘व’ म्हटल्याने दुसरा कुठला शब्द होत नाही. लोकांना समजेल, फक्त परका उच्चार लगेच कळेल.

आणि ‘दुई’?

नाही. ‘दु-ई’ झालं की चार सिलॅबल होतात आणि शब्दाची चाल मोडते. ‘द्वी’ म्हणून थोडं चुकणं परवडलं, ‘दुई’ नको.

‘जूर’ म्हणायचं की ‘झूर’?

लिहायला ‘झ’ बरा, पण मराठीत ‘झ’चे दोन उच्चार आहेत, ‘झाड’मधला आणि ‘झेंडा’मधला, आणि दोन्हींत ‘ह’ची हवा आहे. फ्रेंच आवाजात ती नाही. ‘ज’चेही दोन आहेत, ‘जग’ आणि ‘जवळ’. तेही नव्हेत, कारण दोन्हींत सुरुवातीला जीभ टाळूला टेकते आणि सुटते. फ्रेंच आवाजात जीभ टेकतच नाही, हवा अखंड वाहते.

सोपी युक्ती: लहान मुलाला गप्प करताना म्हणतो तसं लांब ‘श्श्श्’ म्हणा. बोटं गळ्यावर ठेवा. गळा शांत असेल. आता तोंड तसंच ठेवून गळ्यातून आवाज सुरू करा. बोटांना थरथर जाणवली की तो आवाज मिळाला. इंग्रजी ‘मेझर’ आणि ‘प्लेझर’मध्ये तो तुम्ही कदाचित आधीपासूनच काढत असाल.

फ्रेंच ‘र’ घशातून आलाच पाहिजे का?

माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्यांनी याची चिंता करू नये. जिभेच्या टोकाचा ‘र’ फ्रान्सच्या काही ग्रामीण भागांतल्या जुन्या पिढीत ऐकू येत होता, आणि आपल्या मराठी ‘र’ने कुणाचा गैरसमज होत नाही. गोल ओठांच्या ‘य’ची चूक लवकर खुपते; मेहनत तिथे घाला.

शिकायचाच असेल तर उर्दूतल्या ‘ग़’वरून शिका, गझल गाणारे जाणकार गायक ‘ग़ज़ल’ म्हणताना काढतात तो. जिभेचा मागचा भाग पडजिभेजवळ, हवा घासून बाहेर, गळ्यात आवाज. ‘झूर्’च्या शेवटी तो अगदी हलका असतो. घसा साफ केल्यासारखा जोर लावू नका.

मराठी बोलणाऱ्याला या शब्दात काही आयतं मिळतं का?

भरपूर, आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही. आपला ‘ओ’ सरळ आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. फ्रेंचलाही तसाच हवा. इंग्रजीभाषक लोक तो ‘ओउ’ असा वळवतात आणि ते वळण सरळ करण्यात त्यांचे महिने जातात. दुसरं, आपला ‘द’ दातांवरचा आहे. फ्रेंच ‘द’ही दातांवरचाच. तरीही इंग्रजी शाळेत शिकलेली आपली मुलं ‘डी’ बघून ‘ड’ म्हणतात: ‘ओझूर्ड्वी’. ‘डी’ दिसला तर ‘द’ म्हणा, ‘टी’ दिसला तर ‘त’. घरी आलेला माल दारातून परत पाठवू नका.

जोर कुठल्या सिलॅबलवर द्यायचा?

एकटा म्हटला तर शेवटच्यावर, आणि तोही किंचित लांबवून. आवाज चढवून नाही. वाक्यात आला तर अर्थाच्या एका गटातल्या शेवटच्या सिलॅबलवर. ‘ओझूर्द्वी’ गटाच्या मधोमध आला तर त्याचे तिन्ही तुकडे सारखेच चालतात. पहिल्या ‘ओ’वर दणका देऊ नका.

‘एच’ ऐकू येतो का?

नाही. फ्रेंचमध्ये ‘एच’ कधीच ऐकू येत नाही. काही ‘एच’ मात्र भिंतीसारखे असतात. त्यांच्यापाशी आधीच्या शब्दाचा स्वर गळत नाही. ‘हुई’चा ‘एच’ तसा नाही, म्हणून तर ‘द’चा स्वर गळाला आणि अपॉस्ट्रॉफी आली. ‘आठ’ या अर्थाच्या शब्दाच्या सुरुवातीचा ‘एच’ लॅटिनमध्ये नव्हताच. पूर्वी ‘यू’ आणि ‘व्ही’ एकाच चिन्हाने लिहीत, तेव्हा शब्द ‘वीत’ असा वाचला जाऊ नये म्हणून तो पुढे लावला.

वाक्यात आल्यावर फोड बदलते का?

बदलते, आणि सुरुवातीला गोंधळ याचाच होतो. फ्रेंचमध्ये सिलॅबल शब्दाची वेस पाळत नाहीत. ‘ते आज आहे’ म्हणायचं तर ‘से’नंतर एरवी मुका असलेला ‘टी’ जागा होऊ शकतो आणि ऐकू येतं: से, तो, झूर्, द्वी. ‘आजचा’ म्हणायचं तर पुन्हा ‘द’चा स्वर गळतो: दो, झूर्, द्वी. शब्दाच्या पोटात जे शेकडो वर्षांपूर्वी घडून गोठलं, तेच शब्दाच्या दारात रोज घडतं. ‘आजपर्यंत’साठी ‘झ्युस्का ओझूर्द्वी’ आणि ‘झ्युस्कोझूर्द्वी’ दोन्ही रूपं मान्य आहेत. पहिल्यात ‘आ’ आणि ‘ओ’ शेजारी शेजारी उभे राहतात, दुसऱ्यात ‘आ’ नाहीसा होतो.

पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, जसं ‘ओझूर्द्वी आँकॉर’ (आजही), तर मध्ये ‘य’ घालायची आपली सवय आवरा. ‘द्वीयाँकॉर’ नाही, ‘द्वी’, आणि लगेच ‘आँ’.

कवितेतही तीनच मोजतात?

हो, तीनच. सगळीकडे असं सरळ नसतं. ‘र्वीन’ (पडझड, अवशेष) हा शब्द बोलताना एकच सिलॅबल वाटतो, पण अभिजात कवितेत त्याचे ‘रू’ आणि ‘ई’ वेगळे मोजतात, कारण लॅटिन ‘रुईना’त ते वेगळे स्वर होते. ‘हुई’ मात्र ‘होदिए’तल्या अशा दोन वेगळ्या स्वरांतून आलेला नाही, म्हणून तो एकच.

फ्रेंच कवितेचं मोजमाप आपल्या अभंगाजवळचं आहे. अभंगात ६, ६, ६, ४ अशी अक्षरं मोजतात, लघु-गुरू बघत नाहीत. फ्रेंचच्या सर्वांत प्रतिष्ठित ओळीत १२ सिलॅबल, सहानंतर विसावा. शिवाय आपण ‘करतो’ म्हणताना ‘कर्तो’ म्हणतो, पण अक्षरं मोजताना क-र-तो अशी तीन मोजतो. बोलण्यात गळालेला ‘अ’ कवितेत हिशेबात राहतो. फ्रेंचमध्येही शब्दाच्या शेवटचा मुका ‘ई’ बोलण्यात गळतो, पण ओळीच्या मध्ये पुढे व्यंजन असेल तर कवितेत मोजला जातो. मराठी विद्यार्थ्याला हे समजावताना मला कधीच वेळ लागत नाही.

पॅरिस, ब्रसेल्स, मॉन्ट्रियल: सगळीकडे एकच उच्चार?

फोड एकच, आवाज थोडे वेगळे. फ्रान्समध्येच काही जण पहिला ‘ओ’ जरा उघडून ‘ऑ’कडे नेतात. बेल्जियममध्ये पुष्कळ लोक गोल ओठांचा ‘य’ वापरत नाहीत, ‘व’सारखाच अर्धस्वर म्हणतात, तिथे तुमचा ‘द्वी’ कुणाला खटकणार नाही.

मॉन्ट्रियलची गंमत तर खास मराठी कानासाठीच आहे. क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये ‘ई’, गोल ओठांची ‘ई’ आणि त्यांचे अर्धस्वर यांच्या आधी ‘द’ आला की तो ‘जवळ’मधल्या ‘ज’सारखा होतो, आणि ‘त’ ‘चमचा’मधल्या ‘च’सारखा. म्हणून तिथे शेवटचा तुकडा ‘ज्वी’सारखा ऐकू येतो. मुलांकडे कॅनडाला जाऊन आलेल्या एका काकांनी वर्गात मला विचारलं होतं, “मॅडम, ती माणसं आपल्यासारखा ज म्हणतात का?” हो, अगदी आपल्यासारखा. दुसऱ्या बऱ्याच राज्यांतल्या विद्यार्थ्यांना तो आवाज शिकवावा लागतो. मराठी माणसाकडे तो आईच्या तोंडून आलेला असतो.

मराठीत लिहायचा झाला तर कसा लिहावा?

‘ओझूर्द्वी’. तीन अक्षरं, तीन सिलॅबल, आणि ‘ड’ नाही. ‘ऑजर्दहुई’, ‘औजोर्डुई’ अशी रूपं स्पेलिंगवरून लिहिलेली आहेत; ती वाचून उच्चार शिकू नका.

रोजचा सराव कसा करावा?

सकाळी तारीख बघाल तेव्हा ती फ्रेंचमध्ये म्हणा, आरशासमोर, तीन टाळ्यांनी सुरुवात करून. आठवड्याभरात ओठांना वाट कळते. मग त्याच अर्धस्वराचे बाकीचे शब्द घ्या: ‘न्वी’ (रात्र), ‘प्ल्वी’ (पाऊस), ‘फ्र्वी’ (फळ), ‘क्वीझीन’ (स्वयंपाकघर), आणि रोज शंभरदा लागणारा ‘झ स्वी’ (मी आहे). हे सगळे एकाच आवाजावर उभे आहेत. ‘ओझूर्द्वी’ सुधारला की हेही आपोआप सुधारू लागतात.

शेवटी ‘झ्वीये’ घ्या, म्हणजे जुलै. त्यात फ्रेंच ‘झ’ आणि गोल ओठांचा ‘य’ एकमेकांना चिकटून येतात, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. तो जमला की १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, हे वाक्य मोठ्याने म्हणा: ‘ओझूर्द्वी, से ल कातॉर्झ झ्वीये’. आज १४ जुलै आहे. टाळ्या मोजल्यात तर नऊ पडतील.